धूर झाला की वाजणारं यंत्र

गोथेनबर्ग, स्वीडन
१८ ऑगस्ट २०२५

चि. यशोधन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट बघून तू दचकला असशील. तुमच्या पेटीत बिलं आणि जाहिराती सोडून दुसरं काही पडत नसणार. पण फोन मी सध्या बाजूला ठेवलाय. डोक्याला स्क्रीन सोसत नाही, एवढंच समज, काळजीचं काही नाही. बटणांचा एक जुना फोन आहे, त्यावर रविवारी आईशी बोलते. बाकी सगळं कागदावर. तूही कागदावरच उत्तर दे. तुझे ते पिवळे हसरे चेहरे मला नकोत.

या देशात स्मार्टफोन ठेवून देणं म्हणजे मात्र आपणच आपले हातपाय बांधून घेणं आहे. आमच्या इमारतीत कपडे धुण्याची खोली सगळ्यांची मिळून एक. पाळी अ‍ॅपवर लावायची आणि दारही फोननेच उघडायचं. परवा श्रीरंग ऑफिसला गेला आणि मी टोपली घेऊन दाराबाहेर उभी. शेवटी खालच्या मजल्यावरच्या इन्ग्रिडआजींनी उघडून दिलं. बाई नव्वदीच्या आहेत आणि फोन माझ्यापेक्षा झरझर चालवतात. त्यांच्याकडे दिवसातून तीनदा नगरपालिकेची मुलगी येते, गोळ्या देते, पाय चोळते. तू ज्याला 'सरकारच्या घशात घातलेला अर्धा पगार' म्हणतोस ना, त्यातून येते ती. पोटचा मुलगा मात्र नाताळाला तेवढा उगवतो, तेही खरं आहे.

श्रीरंगच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या फेब्रुवारीवर गेली. काठी घेऊन चालतो. तुमच्याकडे आठ दिवसांत झालं असतं, माहीत आहे, परत ऐकवू नकोस.

आता मुद्द्याचं. आई तुझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले. गेल्या वर्षी तिला चक्कर येऊन पडायला झालं होतं, ते विसरू नकोस. दिवसभर तू आणि चैत्राली कामाला, अनिका शाळेत. तुझ्या घरात माणसांपेक्षा यंत्रं जास्त, आणि आईला मिक्सरचं बटण दाबतानाही देवाचं नाव घ्यावं लागतं. मी तिला इकडे आणू शकत नाही, इथला कायदा आईवडिलांना कायमचं राहू देत नाही. तू अमेरिकेचा नागरिक आहेस, तिचं ग्रीन कार्ड करून तिला कायमची ठेवून घेणार आहेस, एवढ्या एका गोष्टीवर मला झोप लागते. कागदपत्रं कुठवर आली ते कळव.

चैत्राली आणि अनिकाला आशीर्वाद. माझ्यावर रागाव, हस, काही कर, पण लिहीत राहा.

तुझी,
ताई


कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
३ सप्टेंबर २०२५, बुधवार

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहायला बसलो आणि लक्षात आलं, पंधरा-वीस वर्षांत सहीसुद्धा मराठीत केलेली नाही. तेव्हा अक्षराला हसू नकोस. सकाळची शांत वेळ आहे, तेवढ्यात उरकतो.

आई ठणठणीत आहे. माझ्या यंत्रांशी तिचं रोज भांडण असतं, ते मात्र खरं. गणपतीच्या दिवशी पहाटे उठून तिने देवापुढे ही भली मोठी रांगोळी घातली. आमचा झाडू मारणारा रोबो बरोबर आठला आपल्या कामाला निघाला आणि सगळी रांगोळी गिळून, उरलेली चाकांनी घरभर पसरून, पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. वर फोनवर निरोप, घर स्वच्छ झालं म्हणून. आईने त्याला अशा अस्सल मालवणी शिव्या घातल्या की अनिकाने त्या वहीत उतरवून घेतल्या. पुढच्या दाराला बोटाचा ठसा लागतो, तो आईचा उमटतच नाही. जन्मभर नारळ खोवून आणि भांडी घासून ठसे झिजले, असं ती म्हणते. मग तिच्यासाठी साधी किल्ली करून आणली.

चक्करेची काळजी तू करू नकोस, मी बंदोबस्त केलाय. स्वयंपाकघराच्या दारावरच्या भिंतीला कॅमेरा बसवलाय. हॉल, देव, आईची आरामखुर्ची, सगळं त्यात दिसतं. ऑफिसातून फोनवर बघत असतो. तिला सांगितलं तर ती अवघडून बसली असती, म्हणून म्हटलं, धूर झाला की वाजणारं यंत्र आहे ते. तर ही बाई उदबत्ती लावायची बंद झाली, उगाच वाजेल आणि शेजारी धावत येतील म्हणून. बायकी भोळेपणा, दुसरं काय. पण एका बाईला दिवसभर सोबतीला ठेवायचं म्हणजे इथे काय पडतं, तुला कल्पना नाही. तुमच्यासारखं सरकार नाही पाय चोळायला.

त्यावरून आठवलं. माझ्या एका मित्राने सांगितलं, तुमच्याकडे म्हणे चांगली धडधाकट माणसं 'मला ताण आलाय' म्हणून महिनोन् महिने घरी बसतात आणि सरकार त्यांना पगार देतं. फुकट्यांचं संस्थानच की ग. आणि त्यांना पोसतं कोण, तर तू. ताई, खरं सांग, आतून चीड येत नाही?

आईचं एकच खटकतं. आल्यापासून परत जायचं टुमणं लावलंय. पाणी जड आहे, भाजीला चव नाही, अंग दुखतं, तिकीट लवकरचं करून दे. एवढं सगळं तिच्यासाठी केलं आणि तिला इथे करमत नाही, याचं वाईट वाटतं. ग्रीन कार्डाचं बघू. तिचीच तयारी नसेल तर घाई कसली.

भाऊजींना नमस्कार. फुकट्यांच्या गर्दीत धाकट्या भावाची आठवण ठेव.

तुझा,
यशोधन


गोथेनबर्ग
१९ सप्टेंबर २०२५

चि. यशोधन,
अ. आ.

रांगोळीचं वाचून मी आणि श्रीरंग पोट धरून हसलो. पुढचं वाचलं आणि हसू गेलं.

तो कॅमेरा काढ. आज काढ. ज्या बाईने आपल्याला न्हाऊमाखू घातलं, तिच्यावर तू दुकानातल्या चोरावर ठेवावी तशी नजर ठेवतोस आणि वर तिला भोळी म्हणतोस? तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून तिने देवाची उदबत्ती बंद केली. तुला ते लिहिताना मजा वाटली, मला वाचताना रडू आलं. इन्ग्रिडआजींच्या घरी असलं यंत्र बसवायचं झालं तर नगरपालिकेची माणसं येऊन त्यांना नीट समजावून सांगतात आणि त्या नको म्हणाल्या तर निघून जातात. परक्या माणसांना जे कळतं ते तुला कळू नये?

फुकट्यांबद्दल तू जे लिहिलंस त्यावर मी आत्ता काही लिहीत नाही.

एक विचारते, खरं उत्तर दे. तुझं पत्र बुधवारी सकाळी लिहिलेलं. कागदाच्या मागे कॅरीच्या सार्वजनिक वाचनालयातल्या कार्यक्रमांची जाहिरात छापलेली. बुधवारी सकाळी तू वाचनालयात काय करतोस? आणि रविवारी आईने मला फोनवर मध्येच विचारलं, तुमच्याकडे माणसाची नोकरी गेली तर पुढे काय होतं ग? मी म्हटलं, का? तर म्हणाली, सहज. आपली आई सहज काही विचारत नाही, तुला माहीत आहे.

मी तुझी मोठी बहीण आहे. दहावीत गणिताचे मार्क तू बाबांच्या आधी मला सांगितले होतेस. तसंच आताही सांग.

माया कमी होणार नाही, एवढं लक्षात ठेवून लिही.

ताई


कॅरी
६ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आठवडाभर गाडीच्या खणात ठेवलं होतं. आता लिहितो.

नोकरी गेली. जुलैत, आई यायच्या थोडं आधी. चौदा वर्षांची नोकरी, आणि मीटिंग संपायच्या आत लॅपटॉप आपोआप बंद झाला. बाजूला बसणाऱ्या शिवला बाय म्हणायचं होतं, तर त्याचा नंबरही त्या लॅपटॉपमध्येच. तोवर आईचं तिकीट निघालं होतं, कुडाळभर सांगून झालं होतं की यशोधन मला कायमची नेतोय. ग्रीन कार्डासाठी माझं उत्पन्न दाखवावं लागतं. काय दाखवू? आरोग्यविमाही नोकरीबरोबर गेला, आता चैत्रालीच्या शाळेतल्या नोकरीचा तुटपुंजा विमा आहे. चैत्रालीला सगळं माहीत आहे. आईला सांग, असं ती रोज म्हणते. अनिकाला माहीत नाही.

म्हणून मी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतो, आईने भरलेला डबा घेतो आणि घरापासून दहा मिनिटांवरच्या वाचनालयात जाऊन बसतो. अर्ज टाकतो. नाही म्हणायलाही आता माणूस नसतो, यंत्रच नाही म्हणतं. मधूनमधून फोनवर आईला बघतो. ताई, मी तिच्याजवळ बसू शकलो असतो. दहा मिनिटांवर बसून मी तिला फोनमध्ये बघत होतो.

बेकारभत्त्यासाठी अर्ज केला. आधी फोनसमोर चेहरा धरून आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचं. फोन म्हणाला, चेहरा जुळत नाही. दाढी करून आलो, खिडकीपाशी उभा राहिलो, तरी जुळत नाही. तुमच्याकडच्या फुकट्यांना हसणारा मी, हळदीकुंकवाच्या वाणाएवढ्या भत्त्यासाठी वाचनालयाच्या संडासात उजेड बरा म्हणून तिथे उभा राहून फोनला तोंड दाखवत होतो.

आता जे झालं ते ऐक. आईचा दुपारचा नेम तुला ठाऊक आहे. घरात कोणी नसलं की देवापुढे बसून गाऱ्हाणं घालते. आपल्या गावी गाऱ्हाण्याला होकार द्यायला अख्खं देऊळ उभं असतं. इथे गाऱ्हाणं तीच घालते आणि 'व्हय महाराजा'ही तीच म्हणते. मी आवाज बंदच ठेवायचो, ओठ हलताना तेवढे दिसायचे. गेल्या गुरुवारी त्या अ‍ॅपने आपल्या मनाने स्वतःला अपडेट करून घेतलं, आवाज चालू केला आणि बंद करायचं बटण कुठल्या कुठे नेऊन ठेवलं. वाचनालयाच्या त्या शांत खोलीत, माना खाली घालून बसलेल्या माणसांत, एकदम आईचा आवाज घुमला. मी बटण शोधतोय, फोन पोटाशी दाबतोय, आणि आई बोलतेच आहे. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते माझ्या कानातून जात नाही.

"बा देवा रवळनाथा महाराजा, माझ्या झिलाची नोकरी गेली हा. तो माका सांगणा नाय. रोज डबो घेऊन भायर पडता, खय जाता देव जाणे. मी हयसर आसंय म्हणान तेका स्वतःच्या घरात बसाक मिळणा नाय. माका माझ्या घराक पोचव आणि माझ्या झिलाक तेच्या घरात बसान दोन घास सुखान खाऊक दी. आणि माका कळला हा, ता तेका कळाक देऊ नको. व्हय महाराजा."

सगळे माझ्याकडे बघत होते. तिथल्या ग्रंथपाल बाई जवळ आल्या, हळूच विचारलं, त्या बाईंना काही त्रास होतोय का, मदत हवी का. मी म्हटलं, माझी आई आहे, प्रार्थना करतेय. त्या म्हणाल्या, किती सुंदर. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

म्हणजे पाणी जड नव्हतं ग. भाजीला चव होती. तिला सगळं केव्हाच कळलं होतं. माझ्या गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टा नाही, दहा वेळा वाजणारा फोन वाजत नाही, एवढ्यावरून कळलं असेल. मला सकाळी घराबाहेर पडावं लागू नये म्हणून ती स्वतः निघून जाऊ बघत होती, आणि मी तिला नावं ठेवत होतो.

आता सांग, मी काय करू? नोकरीचं तिला सांगायला काही नाही, तिला माहीतच आहे. पण तुला कसं कळलं की मला कळलंय, असं तिने विचारलं तर त्या यंत्राचं सांगावं लागेल. तिच्या डोळ्यांसमोर उभं राहून ते माझ्याने होणार नाही. कॅमेरा मी बंद केलाय, पण भिंतीवर तसाच आहे. काढला तर ती विचारेल, धूर झाला तर आता काय वाजणार. तिकीट करून दिलं तर सगळं आपोआप मिटतं. ती तिथे खूश, मी इथे घरात. चैत्राली म्हणते, असं केलंस तर तुझं तोंड मला बघवणार नाही.

तू रागाव, पण उत्तर लगेच दे.

तुझा,
यशोधन


गोथेनबर्ग
२० ऑक्टोबर २०२५

चि. यशोधन यास,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र श्रीरंगने वाचून दाखवलं, कारण माझ्याने ते अर्ध्यावर पुढे जाईना. रागावत नाही. आधी माझं ऐक, मग तुझं बघू.

तुझ्या मित्राने सांगितलेली ती धडधाकट फुकटी माणसं आहेत ना, त्यातली एक मी. मार्चपासून घरी आहे. एके दिवशी ऑफिसात मशीनसमोर बसले आणि मला माझा पासवर्ड आठवेना. मग घरचा पत्ता आठवेना. मग मी तिथेच बसून रडायला लागले आणि ते थांबेना. डॉक्टरने लिहून दिलं, काम बंद, स्क्रीन बंद. सरकारकडून पगाराचा बराचसा भाग येतो. घरभाडं थकलं नाही, श्रीरंगने एकदाही कपाळाला आठी घातली नाही, औषधाला फारसे पैसे मोजावे लागले नाहीत. तुझ्या देशात असते तर माझं काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

पण इथे सगळं गोड आहे असंही समजू नकोस. मनाच्या डॉक्टरची पहिली वेळ मिळायला जून उजाडला. तोवर मी भिंतीकडे बघत बसले. दर महिन्याला सरकारी विमा कचेरीतून एक मुलगी फोन करते आणि गोड आवाजात विचारते, आता किती टक्के काम जमेल? पंचवीस की पन्नास? मी काय उत्तर देऊ, मी काय सेलमधली साडी आहे? आणि इमारतीत सात महिन्यांत इन्ग्रिडआजी सोडून एका माणसाने दार वाजवून विचारलं नाही की बाई, तू दिवसा घरी कशी. सरकार बघतंय म्हटल्यावर शेजाऱ्याने कशाला बघायचं.

तुला सांगितलं नाही, कारण तू हसला असतास. आणि आईला सांगितलं नाही, कारण जिने तापात शाळेत जाऊन मुलांना शिकवलं, तिला मी कोणत्या तोंडाने सांगू की मला धड दिसतंय, धड चालता येतंय, आणि मी सरकारचं खाऊन घरी बसले आहे? सकाळी मीही कितीदा ऑफिसची बॅग खांद्याला अडकवून जिना उतरते, समोरच्यांना वाटावं कामाला चालले म्हणून. तुझं पत्र वाचून श्रीरंग म्हणाला, सासूबाईंना दोन मुलं, आणि दोघंही रोज सकाळी खोटीच घराबाहेर पडणारी. मला हसू आलं आणि मग खूप वेळ आलं नाही.

आता तुझं. तिकीट करून मोकळा होऊ नकोस. तिला सांग. आणि नोकरीचं आधी सांगू नकोस, यंत्राचं आधी सांग. नोकरी गेली यात तुझा काही दोष नाही, त्यात लाज नाही. यंत्राचं खोटं मात्र तुझं स्वतःचं आहे, ते कोणी तुझ्यावर लादलं नव्हतं. पत्राने सांगू नकोस, चैत्रालीकडून सांगवू नकोस. भर दुपारी घरी जा, ती जागी असताना, तिच्यासमोर उभा राहा आणि सांग. ती काय म्हणेल ते ऐकून घे. काही म्हणाली नाही तर तेही ऐकून घे.

माझंही तिला सांग. माझ्याने फोनवर होत नाही.

मी जवळ असते तर तुझा हात धरून नेलं असतं. लांबून एवढंच करता येतं.

तुझी,
ताई


कॅरी
१० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. पद्मजा हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तू यशोधनशी पत्राने बोलतेस हे मला कळलं, म्हटलं मीही दोन ओळी लिहाव्यात. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला लिहिलेलं बरं असं वाटतं, मध्ये रडू आलं तरी कागदाला कळत नाही.

आधी तुझं. तू बरी नाहीस हे मला उन्हाळ्यापासून ठाऊक आहे. तू लहानपणी आजारी असलीस की बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडायचीस, तशी आता सोडतेस. लाज कसली वाटून घेतेस? गावच्या देवळात वर्षभर नारळ देणाऱ्याने एकदा प्रसादाला हात पुढे केला तर त्याला कोणी फुकटा म्हणतं का? इतकी वर्षं दिलंस, आता घे. बरी झालीस की परत दे. मी तापात शाळेत गेले ते शहाणपण नव्हतं, रजा मिळत नव्हती म्हणून गेले. त्याचा आदर्श करून घेऊ नकोस.

यशोधन त्या दिवशी भर दुपारी घरी आला. हातातला डबा तसाच भरलेला. मी देवापुढची शिळी फुलं काढत होते. त्याने खुर्ची ओढली, वर चढला, भिंतीवरचं यंत्र उपटलं आणि माझ्यासमोर ठेवलं. खाली मान घालून म्हणाला, "आई, हे धुराचं नाही. यातून मी तुला बघत होतो. तुझं गाऱ्हाणंही ऐकलं." मग नोकरीचं म्हणाला, ग्रीन कार्डाचं म्हणाला, तुझं सांगितलं, आणि लहान मुलासारखा रडला. एवढा बाप्या माणूस.

नोकरीबद्दल मी त्याला म्हटलं, तुझ्या बाबांचं दुकान बसलं तेव्हा तेही रोज छत्री घेऊन निघत आणि एसटी स्टँडवर बसून येत. मला माहीत होतं, मी कधी बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं असं आता वाटतं. तो हसला जरा. मग मी ताट वाढलं, डब्यातलं नको म्हटलं, गरम भात टाकला. दोघं जेवलो. आता तो दुपारी घरीच असतो, माझ्यासमोर बसून जेवतो. अर्ज करतो. परवा कुठून तरी बोलावणं आलंय, बघू. अनिकालाही त्याने सगळं सांगितलं. नोकरीचं ऐकून ती त्याच्या मांडीवर पाय टाकून बसली. यंत्राचं ऐकून मात्र उठली आणि म्हणाली, बाबा, दॅट्स सो नॉट ओके. मला त्याचा अर्थ चैत्रालीने सांगितला.

माफ केलंस का, असं तू विचारशील. पोटच्या पोराला माफ करायला काय लागतं? केव्हाच केलं. पण पद्मजा, तुला सांगते, आणि तुलाच सांगते. त्या यंत्राखाली मी काय काय बोलले असेन. चैत्रालीबद्दल बोलले, ती गुणाची आहे तरी बोलले, आपण बायका बोलतो तसं. तुझ्या बाबांच्या फोटोशी बोलले, ते नवराबायकोचं बोलणं. एकदा गुडघे धरले म्हणून पातळ वर घेऊन तेल चोळत बसले होते, घरात कोणी नाही म्हणून. मुलाने ते बघितलं असेल का, हे मी त्याला विचारू शकत नाही आणि तो मला सांगू शकत नाही. ताट वाढताना मी खाली बघते आणि तोही खाली बघतो.

आणि आता देवापुढे बसले की तोंड उघडत नाही. नुसते हात जोडते. आधी नजर त्या भिंतीकडे जाते. यशोधनने भोकं बुजवून वरून रंग लावलाय, काही दिसत नाही, तरी जाते. उदबत्तीही आता तोच लावतो, रोज आठवणीने. ती संपेपर्यंत मी बसते आणि उठते. त्याच्या नोकरीसाठी, तुझ्या तब्येतीसाठी, श्रीरंगरावांच्या गुडघ्यासाठी देवाकडे किती मागायचंय, पण शब्द घशाशी येतात आणि परत जातात.

मी पुढच्या आठवड्यात गावी निघते. यशोधनला सांगितलं, शेजारच्या मालिनीच्या मुलीचं, सावनीचं लग्न काढलंय, हातभार लावायला मला जायलाच हवं. तो म्हणाला, आई, आता तर मी घरी आहे, आता राहा ना. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हटलं, लग्न झालं की येते परत. मग त्याने तिकीट काढलं, व्हीलचेअर सांगितली, आणि चैत्रालीने सावनीसाठी साडी आणून दिली.

श्रीरंगरावांना आशीर्वाद. औषध वेळेवर घे. देव माझं ऐको न ऐको, माझी माया तुझ्यापाठी आहे, ती ओळखून राहा.

तुझी,
आई

ता. क. सावनीचं लग्न अजून ठरलेलंही नाही. मला घरी जाऊन, दार लावून, एकदा देवाशी बोलायचं आहे. यशोधनला हे कधीच कळू देऊ नकोस. लग्नाचे फोटो का आले नाहीत असं त्याने विचारलं, तर सांग, आईला फोन चालवता येत नाही.